मुलांसाठी घर उभारताना: कोल्हापुरात छोटे, कुटुंबासारखे बालगृह कसे चालवावे

कोल्हापुरात अनाथ मुलांसाठी काही करावे असे ज्यांच्या मनात येते, त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न जागेचा असतो. गावाकडे वीस गुंठे जमीन पडून आहे, तिथे पत्र्याची शेड टाकून पन्नास मुलांची सोय होईल का, असे विचारणारी माणसे मनाने मोठी असतात, पण त्यांच्या प्रश्नांचा क्रम उलटा असतो. पहिला प्रश्न असा असावा की, या मुलांसोबत पुढची दहा वर्षे रोज रात्री त्याच छपराखाली कोण झोपणार आहे. त्याचे उत्तर मिळाल्यावर मुलांची संख्या ठरते, त्या संख्येवरून जागा ठरते आणि जागा ठरल्यावरच वीस गुंठे लागतात की पेठेतले तीन खोल्यांचे भाड्याचे घर पुरते, हे कळते.

या उलट्या क्रमाला आपल्या गावाची एक थोर परंपराही थोडी कारणीभूत आहे. कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्यानंतर एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. खेड्यातल्या पोराला शहरात ताट आणि अंथरूण मिळाले की तो शिकतो, हे या शहराने सिद्ध करून दाखवले. मात्र बोर्डिंगमधल्या त्या मुलाला गावाकडे घर होते. सुट्टी लागली की तो घरी जात असे, आजारी पडला की चुलता येऊन घेऊन जात असे. ज्याला परतायला घरच नाही अशा मुलासाठी तीच रचना वापरली, म्हणजे घंटेवर उठणे, रांगेत ताट धरणे आणि चाळीस जणांमागे एक अधीक्षक, तर त्याला छप्पर मिळते आणि त्याच्या वाट्याचे माणूस मिळत नाही. वसतिगृह आणि घर यांतला हा फरक लक्षात ठेवूनच पुढची प्रत्येक व्यवस्था करावी.

आधी नातेवाईक, मग घर

एखादे मूल आपल्यापर्यंत आले म्हणजे ते अनाथच असते, हा समज सोडून द्यावा. ज्यांना आपण सरसकट अनाथ म्हणतो त्यांच्यापैकी अनेकांची आई हयात असते. ती विधवा असते, आजारी असते, ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरत असते किंवा वीटभट्टीवर राबत असते. कायद्याच्या भाषेत अशा मुलाला ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ म्हणतात. आईवडील नसणे हा त्या व्याख्येतल्या अनेक निकषांपैकी एक आहे. आजी, मामा, मोठी बहीण यांच्यापैकी कोणी मूल सांभाळायला तयार असेल आणि अडचण केवळ पैशाची असेल, तर त्या मुलाला आपल्या घरात आणणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

पैशाच्या अडचणीवर वाटा आहेत. महाराष्ट्रात क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेखाली मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाखाली दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. या अर्जांसाठी मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचा दाखला आणि बँक खाते जुळवताना एकटी आजी थकून जाते. तुमच्या संस्थेचे पहिले वर्ष केवळ अशा आज्यांची कागदपत्रे जुळवण्यात गेले, तरी ते वर्ष वाया गेले असे मानू नये. उलट त्या वर्षात कोणत्या मुलांना खरोखर घर हवे आहे हे समजते, आणि ती संख्या आपण धरून चाललो होतो त्यापेक्षा बरीच लहान निघते.

अगदी लहान बाळांच्या बाबतीत तर आग्रहाने नाही म्हणावे. सहा वर्षांखालील अनाथ, सोडून दिलेल्या आणि पालकांनी स्वाधीन केलेल्या बालकांसाठी विशेष दत्तक संस्था असतात व त्यांची वाट दत्तकाकडे जाते. रुमानियात बुखारेस्ट येथे संस्थांमधल्या १३६ बालकांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यातली जी बालके पालक कुटुंबांत हलवली गेली त्यांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली, आणि वयाच्या दोन वर्षांच्या आत ज्यांना कुटुंब मिळाले त्यांना सर्वाधिक लाभ झाला. बाळाच्या बाबतीत म्हणूनच एकेक महिना मोलाचा असतो, आणि छोटे बालगृह कितीही मायेचे असले तरी ते दत्तक घराची जागा घेऊ शकत नाही.

कायद्याची चौकट

नोंदणीशिवाय एकही मूल ठेवू नये. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ नुसार मुलांना निवासी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे. ती न करणाऱ्या चालकाला कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर संस्थेची क्षमता व उद्देश जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस विचारात घेऊन ठरतो, त्यामुळे अर्जात लिहिलेली मुलांची संख्या ही पुढे बदलता येणारी किरकोळ बाब समजू नये. त्याआधी न्यास किंवा संस्था धर्मादाय आयुक्तालयात नोंदलेली असावी लागते. देणगीदारांना करसवलत देण्यासाठी आयकर विभागाची मान्यता (जिला ‘८०जी’ म्हणून ओळखतात) लागते, आणि परदेशातून पैसा घ्यायचा असेल तर परकीय अंशदानाचा कायदा अतिशय काटेकोर आहे. सुरुवातीच्या वर्षांत त्या वाटेला न गेलेले बरे.

मूल थेट आपल्या दारात आणून सोडले तरी ते ठेवून घेण्याचा अधिकार आपल्याला नसतो. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. ही समिती अध्यक्ष व चार सदस्यांची असते. ती सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत मागवते, पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश देते, आणि मूल कोणाकडे जाईल हे तीच ठरवते. मध्यवर्ती बसस्थानकावर किंवा रेल्वेच्या फलाटावर एकटे मूल दिसले तर १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे. माहीत असूनही न कळवणे हा गुन्हा आहे. ही सर्व प्रक्रिया नव्या माणसाला जाचक वाटते. परंतु मुलांच्या नावावर देणग्या गोळा करून बेहिशेबी आश्रम चालवणारी माणसेही याच समाजात आहेत, आणि त्यांना अडवणारी जाळी आपल्याही पायाला थोडी लागणारच.

जिल्हा तपासणी समिती तीन महिन्यांतून किमान एकदा येते. तिच्यासाठी वेगळी तयारी करू नये. भिंती ऐनवेळी रंगवल्या, मुलांना नवे कपडे घातले, तर दिखावा कसा करायचा ते मुले तुमच्याकडूनच शिकतात.

संख्या आणि जागा

एका घरात आठ मुले असावीत, फार तर दहा. ऑस्ट्रियातील इम्स्ट गावी १९४९ मध्ये हर्मान ग्माइनर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पोरक्या मुलांसाठी जी एसओएस बालग्रामे सुरू केली, त्यांची उभारणी आई, भावंडे, घर आणि गाव या चार गोष्टींवर होती. आज पुण्यात व अलिबागलाही तशी बालग्रामे आहेत. आपल्याला पूर्ण बालग्राम उभारायचे नसले तरी त्यातले एक सूत्र जसेच्या तसे घेण्यासारखे आहे: एका स्वयंपाकघराभोवती जेवढी मुले बसतात, तेवढेच एक घर. जेवणाची हाक मारताना आईला प्रत्येकाचे नाव आठवले पाहिजे आणि कोण आले नाही हे मोजल्याशिवाय कळले पाहिजे. वीस मुलांत ते जमत नाही, म्हणून घंटा येते, आणि घंटेपाठोपाठ वसतिगृहाच्या बाकीच्या सवयीही येतात. अधिक मुलांना सामावायचे असेल तर मोठी इमारत बांधण्याऐवजी त्याच गल्लीत दुसरे घर घ्यावे.

गल्लीत असे मुद्दाम म्हटले. गावाबाहेर माळावर, उंच कुंपणात, मोठ्या फलकाखाली असलेल्या घरातली मुले शाळेत ‘आश्रमातली पोरं’ म्हणूनच ओळखली जातात. मंगळवार पेठेत, राजारामपुरीत किंवा फुलेवाडीत शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागून घर असले, की मुले तालमीच्या मंडळात जातात, शाहू स्टेडियमवर सामना असला की गल्लीतल्या पोरांबरोबर ओरडायला जातात, आणि शेजारची आजी गैरवर्तन दिसले की कान धरते आणि सणाला पुरणपोळीही पाठवते. दारावर फलक नसावा. कायद्याने लागणारे प्रमाणपत्र आतल्या कार्यालयाच्या कोपऱ्यात लावता येते.

जागा निवडताना पूररेषा पाहणे येथे अपरिहार्य आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट धरतात, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. दुधाळी किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीच्या बाजूचे घर भाड्याने स्वस्त मिळते, पण त्या भागात पाणी शिरते. पूर आला की मुलांना शाळेच्या वर्गखोलीत अनोळखी लोकांबरोबर हलवावे लागते, आणि ज्यांचे घर एकदा सुटले आहे त्यांना तो अनुभव इतरांपेक्षा फार खोल लागतो. झोपण्यासाठी प्रत्येक मुलामागे चाळीस चौरस फूट जागा बाल न्याय अधिनियमाखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत धरलेली आहे. त्यात माझी एक भर अशी की, प्रत्येक मुलाला कुलूप लागणारे एक कपाट किंवा निदान एक ट्रंक मिळावी आणि तिची किल्ली त्याच्याकडेच असावी.

घरातली आई

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मुलांसोबत राहणारी बाई टिकली तर घर टिकते, म्हणून संस्थेच्या चालकांचा निम्मा वेळ तिच्यासाठी खर्च व्हावा. प्रत्यक्षात घडते ते उलट. दोनशे देणगीदारांना पत्रे जातात आणि गृहमातेची नेमणूक ओळखीच्या माणसाकडून तोंडी होते. पगार घरकामाच्या दराने ठरतो. ती आठ महिन्यांत जाते आणि नवी येते. मोठ्या माणसांच्या लेखी ती फक्त नोकरीतली बदली असते. मुलाच्या लेखी मात्र आणखी एक माणूस न सांगता निघून गेलेले असते. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर मूल नव्या बाईशी बोलणेच टाळते आणि मग आपण त्याला ‘हट्टी’ म्हणून मोकळे होतो.

बाई निवडताना शिक्षणापेक्षा तिच्या आयुष्याची घडी पाहावी. तिच्यामागे कोणाची जबाबदारी आहे, तिची स्वतःची मुले असतील तर ती इथेच राहणार का, माहेरचे लोक वर्षातून कितीदा बोलावतात, हे मोकळेपणाने विचारावे. पहिली नेमणूक करण्यापूर्वी तिला किमान महिनाभर घरात राहून पाहू द्यावे, आणि दोन्ही बाजूंना नाही म्हणायची मुभा असावी. पोलीस पडताळणी व वैद्यकीय तपासणी सर्वांचीच करावी, त्यात रखवालदार, रिक्षावाला काका आणि विश्वस्तांचे पाहुणेही आले.

पगार देताना ती चोवीस तास तिथे असते, हे लक्षात घ्यावे. आठवड्यातून एक पूर्ण दिवस आणि वर्षातून एक सलग महिना सुट्टी ठरलेली असावी, आणि त्या काळात येणारी बदली बाई दर वेळी तीच असावी. एसओएस बालग्रामांत अशा मदतनीस बाईला मावशी म्हणतात, आणि आपल्याकडे तर ते नाते आयतेच आहे. सुट्टीवर जाण्याआधी आईने मुलांना तारीख सांगून जावे आणि त्याच तारखेला परत यावे; लहान मुलांसाठी दिनदर्शिकेवर खूण केलेली चालते. तिच्या नावे भविष्य निर्वाह निधी किंवा निवृत्तीसाठी बचतीची व्यवस्था पहिल्या महिन्यापासून असावी, कारण साठाव्या वर्षी जिला जायला जागा नाही अशी बाई मुलांना धीर देऊ शकत नाही.

मुलांनी तिला काय म्हणावे, यावर चालकांच्या बैठकीत वाद होतात. ‘आई’ म्हणायची सक्ती करू नये. ज्या मुलाची आई हयात आहे, पण आजारी आहे किंवा दूर आहे, त्याच्या तोंडी दुसऱ्या कोणासाठी तो शब्द घालणे म्हणजे त्याच्याकडून खऱ्या आईचा नकार वदवून घेणे होय. ‘मावशी’ हा शब्द सोपा वाटतो, पण तो आपण दवाखान्यातल्या आणि शाळेतल्या सेविकांनाही वापरतो हे मुलांना चांगले ठाऊक असते. हाक मुलांनीच ठरवावी. माई, ताई, काकू किंवा नुसते नावापुढे आई, जे रुळेल ते रुळू द्यावे.

निर्णयाचे अधिकार तिला हवेत. रविवारी तांबडा रस्सा करायचा की कोंबडीचे सुके, कोणाला नवी चप्पल आधी घ्यायची, पावसात शाळा बुडवायची का, यासाठी तिने अध्यक्षांना फोन करावा लागत असेल तर ती आई नाही, पहारेकरीण आहे. घरखर्चाची ठरावीक रक्कम महिन्याच्या पहिल्या तारखेला तिच्या हाती द्यावी आणि हिशेब महिनाअखेरीस पाहावा. शिक्षेबाबत मात्र मर्यादा स्पष्ट असावी: संस्थेत मुलाला मारणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे, आणि तिला हे सांगतानाच राग आल्यावर हाक मारण्यासाठी समुपदेशकाचा क्रमांकही द्यावा.

रोजचे जगणे

घरात आलेली अनेक मुले सुरुवातीला भाकरी उशीखाली लपवतात. त्यांना रागावू नये. डब्यात रात्रीसाठी दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याचा लाडू उघडा ठेवला, की काही आठवड्यांत लपवणे आपोआप थांबते. अंथरूण ओले होणे, रात्री ओरडणे, शाळेत एकदम मागे पडणे यांचीही तीच गत असते, त्यांना वेळ लागतो. आल्या दिवसापासून प्रत्येकाची वैयक्तिक काळजी योजना लिहायची असते. ती कायद्यासाठी लिहिली तर कपाटात पडते, म्हणून त्यात वजन आणि लसींबरोबर मुलाला काय आवडते, कशाची भीती वाटते, कोणाची आठवण येते, हेही लिहावे.

शाळा गल्लीजवळची असावी आणि शक्यतो सर्व मुले एकाच शाळेत घालू नयेत. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ त्यासाठीच आहे, आणि कलम ४ प्रमाणे मूल वयानुरूप वर्गात बसते. आजारपणासाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयात मुलाच्या नावाचा केसपेपर सुरुवातीलाच काढून ठेवावा.

भावंडांची ताटातूट होऊ देऊ नये. बाल न्याय अधिनियमाचे कलम ३९ भावंडांना शक्यतो एकत्र ठेवायला सांगते, तर मोठ्या मुलांची आणि मुलींची निवासव्यवस्था स्वतंत्र असावी असा नियम आहे, आणि या दोन्हींच्या मध्ये बहीण-भाऊ सापडतात. यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे एकाच गल्लीत मुलींचे आणि मुलांचे अशी दोन घरे ठेवून रात्रीचे जेवण एकत्र घेणे. समिती एकाला दुसऱ्या संस्थेत पाठवू लागली, तर भावंडांचा मुद्दा लेखी मांडावा.

पाहुणे, वाढदिवस आणि फोटो

कोल्हापूरकर हातचे राखून देत नाहीत. वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला, निवडणुकीत विजय मिळाल्यावर गोड जेवण घेऊन लोक येतात, आणि जेवणाआधी मुलांना रांगेत उभे करून त्यांच्याकडून हात जोडून घेतले जातात. हे नम्रपणे पण ठामपणे थांबवावे. ज्या मुलाच्या आईचे श्राद्ध कोणी घातले नाही, त्याने दुसऱ्याच्या आईच्या श्राद्धाचे जेवण रांगेत घेऊन आभार मानायचे, हा प्रकार मला कधीच पाहवला नाही. मदत करणाऱ्याला किराणा दुकानाचे खाते भरायला सांगावे, दिवाळीला मुलांना दुकानात नेऊन त्यांच्या पसंतीचे कपडे घेऊ द्यावेत, किंवा एखाद्या मुलाच्या शिकवणीचे वर्षाचे पैसे द्यायला सांगावेत. मुलाचे नाव, शाळा किंवा ओळख पटेल असा फोटो प्रसिद्ध करणे त्याच अधिनियमाच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे पाहुण्यांचे मोबाइल दारातच बाजूला ठेवायला सांगणे हा उद्धटपणा ठरत नाही.

अठरा वर्षांनंतर

वाढदिवसाच्या दिवशी बॅग हातात देऊन मुलाला बाहेर काढणारी संस्था आपले आधीचे सगळे काम पुसून टाकते. कायद्यात अठरा ते एकवीस वर्षांपर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत तेवीसपर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरही आधार मिळण्याची, सोय आहे. त्याची तयारी सोळाव्या वर्षापासून करावी: बँकेचे खाते, स्वतःची भाजी स्वतः आणणे, भाड्याच्या खोलीचा करार वाचणे, एमआयडीसीत एखादा उन्हाळा काम करून पाहणे. महाराष्ट्रात अनाथांसाठी शिक्षणात व शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, परंतु त्यासाठी लागणारे अनाथ प्रमाणपत्र वेळेत काढावे लागते. मूल लहान असताना गोळा केलेला प्रत्येक कागद तेव्हा उपयोगी पडतो.

पुढे मुली लग्न होऊन जातात, मुले पुण्याला किंवा इचलकरंजीला नोकरीला लागतात, आणि गणपतीला, दिवाळीला येऊ का म्हणून फोन करतात. वर्षाचा अंदाज मांडताना त्यांच्यासाठी दोन अंथरुणे, माहेरवाशिणीची साडी आणि तेवढ्याच जास्तीच्या करंज्या धराव्यात.